पडद्यामागचे उस्ताद

कसाऱ्याकडे जाणाऱ्या लोकलने कल्याण सोडले की पहिले स्टेशन शहाड. सेंच्युरी रेयॉनचा कारखाना, बिर्ला मंदिर, उल्हास नदी आणि लगेच सुरू होणारे उल्हासनगर, एवढ्या खुणांवर बाहेरच्या माणसाला शहाड कळते. या भागाचा इतिहास लिहिणारेही बहुतेक याच खुणांपाशी थांबतात. कल्याणचे जुने बंदर, फाळणीनंतर आलेले सिंधी निर्वासित, १९४९ मध्ये त्यांच्या छावणीला मिळालेले उल्हासनगर हे नाव, कारखाने आणि कामगार. हे लिहिले गेले आहे आणि लिहायलाच हवे होते. पण याच पट्ट्यात साधारण १९९० ते २०१० या वीस वर्षांत एक विद्या उभी राहिली, तिने कितीतरी घरांची पोटे भरली आणि तिच्यावर कोणी दोन ओळी लिहायच्या आत ती संपूनही गेली. काचेच्या जाड नळीचे जुने संगणक मॉनिटर दुरुस्त करण्याची ही विद्या.

'विद्या' हा शब्द मुद्दाम वापरला आहे. आपल्याकडे डॉक्टरकडे विद्या असते, वकिलाकडे विद्या असते, मेकॅनिककडे मात्र 'हात' असतो. 'त्याचा हात चांगला आहे' असे म्हणून आपण त्याच्या डोक्याचे श्रेय काढून घेतो. आपल्या समाजात तर हे फारच होते. जलशात, मदरशाच्या कार्यक्रमात, शाळेच्या स्नेहसंमेलनात आपण इब्न अल-हैसम आणि अल-जझरी यांची नावे अभिमानाने घेतो. मग घरी जाताना गल्लीच्या तोंडावर टेबल मांडून बसलेल्या मेकॅनिकच्या समोरून जातो आणि मुलाला सांगतो, अभ्यास कर, नाहीतर असा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन बसावे लागेल. या दोन गोष्टी एकाच तोंडात कशा बसतात, हा या लेखाचा प्रश्न आहे.

मुंबईहून शहाडला

कॅथोड किरण नळी म्हणजे सीआरटी. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल फर्डिनांड ब्राऊन यांनी १८९७ मध्ये ती बनवली. महाराष्ट्रात संगणकाला असा पडदा जोडला गेला तो फार लवकर. टाटा मूलभूत संशोधन संस्थेने मुंबईत देशी बनावटीचा टिफ्रॅक हा संगणक उभारला. तो १९६० मध्ये चालू झाला आणि आकडे व आलेख दाखवण्यासाठी त्याला कॅथोड किरण नळीचा पडदा जोडलेला होता. मुंबईत असा पडदा उजळला तेव्हा सामान्य घरात टीव्हीसुद्धा नव्हता. मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी.

घरोघरी काचेची नळी पोहोचवली ती टीव्हीने. १९८२ मध्ये एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, आपल्या औरंगाबादेत व्हिडिओकॉनसारखा मोठा कारखाना उभा राहिला, आणि टीव्ही मेकॅनिक ही नवी जमात गावोगाव दिसू लागली. १९८४ च्या संगणक धोरणाने आयात सोपी केली. १९८७ मध्ये आयबीएमने व्हीजीए ही पद्धत आणली, पंधरा पिनांचा तो प्लग घेऊन. पुढची वीसहून अधिक वर्षे बहुतेक मॉनिटरच्या वायरीला तोच प्लग होता.

कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात संगणक खऱ्या अर्थाने पसरला तो नव्वदच्या दशकाच्या अखेरीस. छपाईची दुकाने, टायपिंगचे क्लास, सायबर कॅफे, सीएच्या कचेऱ्या. २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले, त्याचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम आला आणि गल्लीबोळांत संगणक केंद्रे उघडली. सरकारी नोकरीला संगणकाचे प्रमाणपत्र लागू लागले. आमच्यासारख्या शिक्षकांनी त्याच काळात पहिल्यांदा माऊस हातात धरला.

या केंद्रांतले सगळेच मॉनिटर नवे कोरे नव्हते. मुंबईच्या कंपन्यांनी मोडीत काढलेले, लिलावात घेतलेले, परदेशातून वापरून आलेले, असे मॉनिटर लॅमिंग्टन रोडवरून आणि इतर बाजारांतून उपनगरांकडे यायचे. उल्हासनगर शेजारी असल्याचा फायदा शहाडला होता. निर्वासित होऊन आलेल्या माणसांनी वसवलेले ते गाव, मोडलेली वस्तू फेकणे तिथे कधीच शहाणपणाचे मानले गेले नाही. जुन्या मॉनिटरला दोनच वाटा होत्या, दुरुस्तीचे टेबल किंवा भंगारवाला. या दोहोंच्या मध्ये उभा असलेला माणूस म्हणजे आपला मेकॅनिक.

टीव्हीवाल्यांची परीक्षा

हे मेकॅनिक आले कुठून? मॉनिटरची दुरुस्ती शिकवणाऱ्या संस्था आपल्या भागात थोड्याच होत्या. बहुतेक जण टीव्हीकडून आले. कोणी आयटीआय केलेला, कोणी दहावी नापास, कोणी दहाव्या वर्षापासून उस्तादाच्या दुकानात चहा आणता आणता रंगीत पट्ट्यांचे रेझिस्टर ओळखायला शिकलेला. त्यांत सिंधी होते, मराठी होते, उत्तरेकडून आलेले होते. मुसलमान पोरांची संख्या मात्र डोळ्यांत भरण्यासारखी होती. नोव्हेंबर २००६ मध्ये आलेल्या सच्चर समितीच्या अहवालात याचे कारण सापडते. नियमित पगाराच्या नोकऱ्यांत मुसलमान कमी आणि स्वतःच्या छोट्या धंद्यात जास्त, असे त्या अहवालाने आकडेवारीने दाखवले. नोकरीची आशा नसलेल्या घरात मुलाला लवकर उस्तादाकडे धाडायचे, हा हिशेब आपल्या मोहल्ल्यांत समिती नेमण्याच्या आधीपासून चालू होता.

टीव्ही जमणाऱ्याला मॉनिटर जमेल असे वरवर वाटते. नळी तीच, काच तीच. पण इथेच पहिली परीक्षा होती. आपल्या टीव्हीवर एका सेकंदाला १५,६२५ आडव्या रेषा आखल्या जातात. साध्यात साधा व्हीजीए मॉनिटर सेकंदाला सुमारे ३१,५०० रेषा आखतो, म्हणजे दुप्पट. चांगल्या मॉनिटरमध्ये हा आकडा साठ-सत्तर हजारांवर जातो. किरणाला डावीकडून उजवीकडे इतक्या वेगाने ओढायचे काम जो ट्रान्झिस्टर करतो, त्याच्यावर भयंकर ताण असतो. टीव्हीतला बीयू ५०८ हा प्रत्येक मेकॅनिकच्या डब्यात असलेला ट्रान्झिस्टर. तोच मॉनिटरमध्ये बसवला तर पडदा उजळायचा, गिऱ्हाईक खूश व्हायचे आणि थोड्याच वेळात ट्रान्झिस्टर तापून मरायचा. व्होल्टेज पुरेसे होते, वेग पुरेसा नव्हता. कंडेन्सरचेही तसेच. टीव्हीत चालणारा साधा कंडेन्सर मॉनिटरच्या पॉवर सप्लायमध्ये फुगायचा.

हे कोणत्या वर्गात शिकवले गेले? बहुतेकांना कुठल्याच नाही. मेकॅनिक मंडळींनी ते पार्ट जाळून शिकले आणि शिकलेले एकमेकांना तोंडी सांगितले. मेकॅनिकच्या टेबलावरची पुस्तके बहुतेक इंग्रजी किंवा हिंदी, सर्किटच्या नकाशांच्या झेरॉक्सच्याही झेरॉक्स, त्यात आकडे पुसट झालेले. ज्याला इंग्रजी वाचता येत नव्हते तो नकाशा मात्र वाचत होता. आम्ही वर्गात 'साक्षर' शब्दाची व्याख्या शिकवतो, तिच्यात हा माणूस कुठे बसतो ते ठरवणे अवघड आहे.

नाडी पाहण्याची रीत

आता खुद्द कामाकडे येऊ. नळीच्या मागच्या अरुंद मानेत एक बारीक फिलामेंट तापते आणि त्याच्याजवळच्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन सुटतात. समोरच्या बाजूला सुमारे २५,००० व्होल्टचा दाब त्यांना खेचतो. मानेभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी असते, तिला योक म्हणतात. योक किरणाला वाकवून पडद्यावर रेषा काढून घेतो. पडद्याच्या आतल्या बाजूचे लाल, हिरवे आणि निळे ठिपके किरण पडताच उजळतात. २५,००० व्होल्ट तयार करणारा काळा प्लास्टिकचा ठोकळा म्हणजे एलओटी.

त्यामुळे पहिला धडा जीव वाचवण्याचा. बटण बंद केले, प्लग काढला तरी काचेच्या नळीत वीज साठून राहते, कारण ती नळी स्वतःच एक मोठा कंडेन्सर असते. पॉवर सप्लायच्या मोठ्या कंडेन्सरमध्येही सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास दाब असतो. म्हणून स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधायची, वायरीचे दुसरे टोक नळीभोवतीच्या उघड्या जाळीदार अर्थच्या तारेला लावायचे, स्क्रू-ड्रायव्हरचे टोक रबरी टोपीखाली सरकवायचे आणि 'चट्' असा आवाज येऊ द्यायचा. हे करताना दुसरा हात खिशात. दोन्ही हात लागले तर वीज छातीतून जाते. जाणता उस्ताद शागिर्दाला सोल्डरिंग नंतर शिकवायचा, हात खिशात ठेवायला आधी.

दुसरा धडा सिरीज बल्बचा. फ्यूज उडालेला मॉनिटर सरळ विजेला लावायचा नाही. मध्ये शंभर वॉटचा साधा बल्ब जोडायचा. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर आत सगळे बऱ्यापैकी ठीक. भगभगीत पेटून राहिला तर आत शॉर्ट आहे आणि बल्बने नवा पार्ट जळण्यापासून वाचवला. कसलेला मेकॅनिक याआधी पडद्याभोवतीच्या डिगॉस गुंडाळीचा प्लग काढून ठेवायचा. ती गुंडाळी सुरुवातीला खूप वीज ओढते आणि बल्ब खोटी साक्ष देतो. वीस रुपयांच्या बल्बमधून इतकी माहिती काढणे आणि तो बल्ब कधी खोटे बोलेल हेही ठाऊक असणे, याला प्रयोगशाळेच्या भाषेत उपकरणाची मर्यादा जाणणे म्हणतात.

तिसरा धडा लक्षणे वाचण्याचा. भाषा शिकवणारा माणूस असल्यामुळे या टेबलांवर बोलले जाणारे शब्द कानांत राहिले आहेत. अर्धे इंग्रजी, बाकीचे उर्दू, हिंदी, मराठी, आणि ढंग सगळा हकिमाचा. मॉनिटर 'मरीज', बिघाड 'मर्ज', ट्यूब 'कमजोर', मल्टीमीटर लावणे म्हणजे 'नब्ज' पाहणे. ही नुसती गंमत नव्हती. हकीम जसा बाहेरच्या खुणेवरून आतला आजार ओळखतो, तसेच हे काम होते.

पडदा काळा आणि पुढचा दिवाही बंद असेल तर बिघाड पॉवर सप्लायमध्ये. तिथेही फ्यूज नीट पाहायचा. काच स्वच्छ आणि आतली तार नुसती तुटलेली असेल तर मार हलका आहे, काच काळी झाली असेल तर आत मोठा शॉर्ट आहे. दिवा पिवळा लुकलुकत असेल तर बहुधा मॉनिटरचा दोष नाहीच, संगणकाकडून सिग्नल येत नाही. वायर काढून पाहायची. दिवा हिरवा पण पडदा काळा असेल तर मानेतला फिलामेंट तांबूस दिसतो का पाहायचे. मग मनगटाची मागची बाजू पडद्याजवळ न्यायची. केस उभे राहिले तर मोठा दाब तयार होतो आहे, दोष पुढे कुठेतरी आहे.

पडद्याच्या मधोमध एकच आडवी लखलखीत रेषा आली तर किरण डावी-उजवीकडे जातो पण वर-खाली जात नाही. व्हर्टिकल आयसी, त्याचा सप्लाय किंवा त्याच्या पायाशी सुटलेला टाका. अशा वेळी ब्राइटनेस लगेच कमी करायचा, नाहीतर त्या रेषेवरचे ठिपके कायमचे जळतात. उभी रेषा आली तर योककडे जाणारी वाट तुटलेली.

रंगांचे गणित तर सुंदर होते. पडदा पिवळा दिसला तर निळा गेला. आकाशी दिसला तर लाल गेला. जांभळट गुलाबी दिसला तर हिरवा गेला. जो दिसतो तो रंग दोषी नाही, जो दिसत नाही त्याला शोधायचे. आधी वायर हलवायची, मग प्लगच्या पहिल्या तीन पिना पाहायच्या, कारण लाल, हिरवा आणि निळा याच क्रमाने त्या तीन पिनांतून येतात. वाकलेली पिन सरळ केली की कितीतरी 'मेलेले' मॉनिटर जिवंत व्हायचे. कोपऱ्यात रंगांचे डाग पडले असतील तर शेजारी स्पीकरचा लोहचुंबक आहे का ते आधी बघायचे. नसेल तर डिगॉसचा पार्ट गेला.

बीएडला आम्हाला पाठाच्या पायऱ्या पाठ करायला लावल्या होत्या. विज्ञानवाल्यांना निरीक्षण, अंदाज, पडताळणी, निष्कर्ष अशी वैज्ञानिक पद्धत फळ्यावर लिहून दिली जायची. ती पद्धत चालू स्थितीत पाहायची असेल तर या टेबलासमोर अर्धा तास उभे राहणे पुरेसे होते. आधी स्वस्त आणि सोपी शक्यता बाद करायची, एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बदलल्यावर पुन्हा पाहायचे, आणि लक्षण गेले तरी कारण सापडेपर्यंत झाकण लावायचे नाही.

नुक्त्यांचा प्रश्न

या दुरुस्तीचा आपल्या भाषांशी थेट संबंध होता, हे फार थोड्यांच्या ध्यानात येते.

उर्दू वर्तमानपत्रे आणि पुस्तके नव्वदच्या दशकापर्यंत मोठ्या प्रमाणात कातिबांच्या हातची होती. दिल्लीत जन्मलेले खुशनवीस मिर्झा अहमद जमील यांनी तयार केलेली नूरी नस्तालीक १९८१ मध्ये आली आणि वीस हजारांच्या आसपास जोडाक्षरांचे आकार संगणकात बसले. १९९४ मध्ये इनपेज हा प्रोग्रॅम आला. मुंबई, भिवंडी, मालेगावच्या उर्दू छापखान्यांत कातिबाची चटई गुंडाळली गेली आणि संगणकाचे टेबल आले. मराठीतही श्रीलिपीसारख्या प्रोग्रॅमनी खिळ्यांची जुळणी हटवली.

हे सगळे काम चौदा-पंधरा इंची काचेच्या पडद्यावर होत होते. नस्तालीकमध्ये बे, पे, ते, से, नून आणि ये ही अक्षरे शब्दाच्या मध्ये आली की त्यांचा दात सारखाच दिसतो. फरक फक्त नुक्त्यांचा. एक की दोन की तीन, वर की खाली. 'खुदा' आणि 'जुदा' यांच्यात एका ठिपक्याच्या जागेचाच फरक आहे. मॉनिटरचा फोकस जरा ढिला झाला की दोन नुक्ते एक होतात, तीनाचा एक गोळा होतो. देवनागरीत ब आणि व, घ आणि ध, भ आणि म एकमेकांत मिसळतात, अनुस्वार शिरोरेघेत बुडतो. निमंत्रणपत्रिकेत किंवा दीनी किताबात अशी चूक गेली तर दोष ऑपरेटरच्या माथी यायचा. ऑपरेटर चष्म्याचा नंबर वाढवून यायचे आणि मर्ज पडद्याचा निघायचा.

फोकस ढिला होण्याची दोन ठळक कारणे होती. एलओटीवर दोन गोल खुंट्या असतात, एक 'फोकस' आणि एक 'स्क्रीन'. आतला रेझिस्टर वयानुसार सरकला की फोकस हलतो. दुसरे कारण आपल्या हवेतले. नळीच्या मानेवर जो सॉकेट बसतो, त्यात पावसाळ्यात दमटपणा शिरतो आणि फोकसच्या पिनेजवळ गंज धरतो. त्याची खूण अशी की सकाळी चालू केलेला मॉनिटर धूसर दिसतो आणि तापल्यावर हळूहळू स्वच्छ होतो. जो मेकॅनिक अशा वेळी नुसती खुंटी फिरवून पैसे घ्यायचा, त्याच्याकडे तो मॉनिटर महिन्याभरात परत यायचा. जो सॉकेट बदलायचा, त्याचे काम टिकायचे.

खुंटी फिरवण्याचीही कला होती. खुंटी मागे, पडदा पुढे. म्हणून समोर आरसा ठेवायचा. पडद्याचा मध्य अगदी धारदार केला की कोपरे मऊ पडतात, कोपरे धारदार केले की मध्य बिघडतो. दोन्हींना सांभाळणारी जागा शोधावी लागते. उर्दूचे पान लावलेले असेल तर आरशात ते उलटे दिसते. त्यामुळे ऑपरेटर समोर बसून नुक्ते मोजायचा आणि उस्ताद मागून विचारायचा, 'अब?' 'थोडा और.' 'अब?' 'बस.' वाचता येणारा आणि वाचता न येणारा अशा दोघांनी मिळून एक पान वाचनीय केलेले असायचे. छापील किताबावर कातिबाचे नाव असायचे, पुढे कंपोझिंग करणाऱ्याचे नाव येऊ लागले. त्याचा पडदा स्वच्छ ठेवणाऱ्याचे नाव कधी आले नाही. ते कोणी मागितलेही नाही.

अमानत

या धंद्याची काळी बाजू लपवण्यात अर्थ नाही. गिऱ्हाइकाला आतले काही कळत नाही, आणि जिथे एकाला कळते व दुसऱ्याला कळत नाही तिथे फसवणुकीला मोकळे रान असते. 'ट्यूब गेली' हे त्या काळातले सगळ्यात सोयीचे खोटे होते. ट्यूब गेली म्हटले की मालक आशा सोडायचा, मॉनिटर कवडीमोलाने टाकून जायचा, आणि आत एखादा फुगलेला कंडेन्सर बदलून तोच मॉनिटर दुसऱ्याला विकला जायचा. काही ठिकाणी चांगला पार्ट काढून जुना बसवला जायचा.

म्हणूनच बाजारात टिकलेल्या उस्तादांचे काही दंडक होते. काढलेला पार्ट पिशवीत घालून गिऱ्हाइकाला परत द्यायचा. ट्यूब खरोखर कमजोर असेल तर त्याच्यासमोर दाखवायची. नळी म्हातारी झाली की चित्र यायला वेळ लागतो, रंग फिके पडतात, उजेड वाढवला की आकार फुटतो. अशा नळीला काही जण फिलामेंटचा दाब वाढवून थोडे आयुष्य द्यायचे, पण ते कधीपर्यंत टिकेल याची खात्री नाही हे आधी सांगायचे. मापात पाप करणाऱ्यांसाठी कुरआनात एक अख्खी सूरत आहे, अल-मुतफ्फिफीन. आपण ती तराजूच्या दुकानापुरती समजतो. तराजू नसलेल्या धंद्यातही माप असते, आणि दुरुस्तीसाठी आलेली वस्तू ही अमानत असते. भारनियमनाच्या वर्षांत वीज जायची, परत यायची आणि येताना मॉनिटर घेऊन जायची. तेव्हा दुकानात मरीज रांगेने लागायचे. त्या दिवसांत खोटे बोलणे सगळ्यात सोपे होते, आणि ज्याने बोलले नाही त्याच्याकडे लोक पुढे मोबाइल घेऊनही गेले.

नळी गेली

शेवट फार झपाट्याने झाला. या शतकाच्या पहिल्या दशकात सपाट एलसीडी पडदे स्वस्त होऊ लागले. अंदाज मोठमोठ्यांचेही चुकले. आपल्या औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने २००५ मध्ये फ्रान्सच्या थॉमसन कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला, पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधल्या कारखान्यांसह. जग नळी सोडत असताना मराठवाड्यातली कंपनी जगभरच्या नळ्यांचे कारखाने घेत होती. काही वर्षांतच त्या नळीला गिऱ्हाईक उरले नाही. कारखानदाराला जे दिसले नाही ते शहाडच्या टेबलावरच्या माणसाला दिसायला हवे होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

शेवटच्या वर्षांत जुन्या मॉनिटरच्या नळ्या काढून, त्यांना बाजारातली तयार किट जोडून स्वस्त टीव्ही बनवण्याचा धंदा चालला. मग तोही बसला. उरले ते भंगार. रंगीत नळीच्या मागच्या, नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत वजनाच्या साधारण एक पंचमांश शिशाचे ऑक्साइड असते. आतल्या किरणोत्सर्गापासून बघणाऱ्याला वाचवण्यासाठीच ते घातलेले असते. मॉनिटर चालू असेपर्यंत जे शिसे माणसाला राखत होते, तेच हातोड्याने काच फुटल्यावर मातीत आणि फुप्फुसांत जाऊ लागले. तांब्याच्या योकसाठी नळ्या फोडणारे हातही बहुतेक आपल्याच गरीब वस्त्यांतले होते. ई-कचऱ्याचे नियम १ मे २०१२ पासून लागू झाले. तोपर्यंत कितीतरी काच फुटून गेली होती.

मेकॅनिक मंडळी पांगली. कोणी मोबाइलकडे, कोणी सीसीटीव्हीकडे, कोणी आखातात, कोणी रिक्षावर. आजच्या पडद्यात बिघाड झाला की 'पॅनल बदला' किंवा 'बोर्ड बदला'. कित्येकदा बदलण्याची किंमत नव्या पडद्याच्या जवळ जाते. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. उघडता येईल अशी वस्तू बनवा, पार्ट आणि माहिती द्या, अशी मागणी आता जगभर होते आहे. आपल्या गल्लीत हा हक्क कोणाकडेही न मागता बजावला जात होता.

इल्म कशाला म्हणायचे

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे. इब्न अल-हैसम बसऱ्यात जन्मले आणि कैरोमध्ये राहून अकराव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी किताब अल-मनाझिर लिहिली. डोळ्यातून किरण निघून वस्तूवर पडतात ही जुनी समजूत त्यांनी खोडली आणि उजेड वस्तूकडून डोळ्यात येतो हे मांडले. त्यांचा खरा मोठेपणा मात्र एवढ्यात नाही. कोणी मोठ्या माणसाने सांगितले म्हणून मानू नका, तपासून पाहा, ही त्यांची रीत होती. बल्ब खोटे बोलू शकतो म्हणून आधी डिगॉसचा प्लग काढणारा मेकॅनिक याच रीतीने चालत होता. त्याला ते नाव ठाऊक नव्हते. आपल्याला नाव ठाऊक आहे आणि रीत नाही.

अल-जझरी यांची गोष्ट तर अजून जवळची आहे. ते दरबारी विद्वान होते तसेच स्वतः हाताने काम करणारे कारागीरही होते. १२०६ मध्ये त्यांनी पाण्याची घड्याळे, पंप आणि स्वयंचलित यंत्रे यांवर किताब पूर्ण केली. कोणता भाग कसा घडवायचा, कसा बसवायचा, हे आकृत्यांसह इतके तपशिलात लिहिले की १९७६ मध्ये लंडनच्या विज्ञान संग्रहालयात त्यांचे एक घड्याळ पुन्हा उभे करता आले. साडेसातशेहून अधिक वर्षांनी. अल-जझरी आज आपल्याला माहीत आहेत ते त्यांच्या हातात कला होती म्हणून नव्हे. तशी कला त्यांच्या काळात इतरांच्याही हातात असणार. एका सुलतानाने त्यांना सांगितले की जे करतोस ते लिहून ठेव, आणि त्यांनी लिहिले, म्हणून ते राहिले.

आपल्या उस्तादांना असे कोणी सांगितले नाही. शिकलेल्यांचे ते काम होते, म्हणजे आमचे. शाळेच्या संगणक खोलीत मॉनिटर दुरुस्त व्हायचे तेव्हा आम्ही बिलाची पावती फाइलला लावली, बिघाड काय होता आणि कसा सापडला हे कोणत्या वहीत लिहिले नाही. इल्म आणि हुनर यांच्यात आपण भिंत घातली. इल्म किताबात, हुनर हातात. इल्मवाल्याला खुर्ची, हुनरवाल्याला स्टूल. किताब नसलेला हुनर शागिर्दाबरोबर चालतो आणि शागिर्द धंदा बदलतो तेव्हा संपतो.

काचेची नळी आता परत येणार नाही आणि यायलाही नको. पण मोबाइलचा बोर्ड सूक्ष्मदर्शकाखाली धरून तांदळाच्या दाण्याहून लहान पार्ट बदलणारी पोरे आज कल्याणच्या स्टेशनबाहेर, उल्हासनगरच्या बाजारात, शहाडच्या पुलाखालच्या गल्ल्यांत बसलेली आहेत. त्यांचीही वीस वर्षे अशीच निघून जातील. उर्दू आणि मराठी शाळांतल्या आठवी-नववीच्या मुलांना सुट्टीत एक काम देता येईल. आपल्या गल्लीतल्या एका मेकॅनिककडे जा, त्याला विचारा की बिघाड कसा ओळखता, पहिले काय पाहता, कोणती खूण फसवते, कोणता दंडक कधी मोडत नाही. तो जसा बोलतो तसे, त्याच्याच शब्दांत, वहीत उतरवून आणा. वर त्याचे नाव लिहा, त्याची परवानगी घेऊन. अशा चाळीस वह्या जमल्या तर ते शहाडचे पुस्तक होईल. जुने मॉनिटरवाले उस्ताद अजून हयात आहेत, बरेचसे पन्नाशी-साठीत आहेत. त्यांच्यापासून सुरुवात करावी.